तुम्ही विचारलंत म्हणून : सायझिंगला होते म्हणजे मापं घ्यायचे का?

"वडील काय करायचे?" असं कुणी विचारलं की मी "गिरणीत होते, सायझिंगला" एवढंच सांगते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे मापं घ्यायचे का?" लग्नाच्या पंगतीत विचारलंय, सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या डब्यात विचारलंय, आणि परवा आमच्या ऑफिसात नवीन लागलेल्या पोरानंही विचारलं. ऑफिस टॉवेल-चादरीच्या कारखान्याचं. परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं मी करते, त्यामुळे 'साइज' हा शब्द दिवसातून शंभर वेळा तरी टाइप होतो. पोराचं म्हणणं असं, "मॅडम, साइज म्हणजे माप, मग सायझिंग म्हणजे मापं घेणंच की." त्याच्या बाजूनं बघितलं तर चूक काहीच नाही. चहाच्या वेळेत त्याला जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पण ते अर्धंमुर्धंच राहिलं. म्हणून आता सविस्तर.

आधी अण्णांचं काम सांगते. सूत कातून झालं की ते लगेच मागावर चढत नाही. माग चालू असताना उभे धागे सारखे ताणले जातात, फणीत घासले जातात. सूत एकेरी असलं की अंगावरची लव उठते, शेजारच्या धाग्यात गुंतते, धागा तुटतो आणि माग थांबतो. माग थांबला की विणकराची मजुरी थांबली. म्हणून हजारो उभे धागे एकदम गरम खळीच्या हौदातून बुडवून काढायचे, रोलरमध्ये पिळायचे, वाफेनं तापलेल्या पिंपाएवढ्या सिलिंडरांवरून फिरवून वाळवायचे आणि मागाच्या बीमवर गुंडाळायचे. याला सायझिंग म्हणतात. कापड विणून झालं की ती सगळी खळ धुऊन काढतात. म्हणजे अण्णांनी आयुष्यभर जे लावलं त्यातलं काहीच गिऱ्हाइकाच्या घरी पोचायचं नाही.

खळ म्हणजे मुख्यतः मक्याचं स्टार्च, थोडी चरबी, वर खात्यातल्या जाणत्या माणसाचा अंदाज. ती शिजत असताना अण्णा पळीनं थेंब काढायचे, अंगठा आणि पहिल्या बोटात धरायचे आणि बोटं हळूच फाकवायचे. तार किती लांबते ते बघायचं. आई दिवाळीत चिरोट्याचा पाक बघायची ती अगदी तशीच, आणि दोघांची नजरही त्या वेळी सारखीच व्हायची, डोळे बारीक करून. सोलापूरचा उन्हाळा, त्यात वाफेचं खातं. पाळी सुटून घरी आले की त्यांच्या शर्टाच्या बाह्या वाळून पत्र्यासारख्या झालेल्या असायच्या. आम्ही भावंडं तो शर्ट जमिनीवर उभा राहतो का ते बघायचो. बाही उभी राहायची, शर्ट नाही.

चौथीत असताना शाळेच्या कागदावर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'सायझिंग' लिहिलं. बाईंनी ते वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि रजिस्टरात 'शिंपी' लिहून टाकलं. घरी सांगितल्यावर अण्णा पोट धरून हसले. म्हणाले, "मापं कसली घेतोय गं आम्ही! सुताची लव बसवतो." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

जाता जाता एक सांगते. हा प्रश्न सोलापुरात इतका विचारला जातो त्याचंही कारण आहे. इथली चादर नि टॉवेल बहुतेक दुपदरी पिळाच्या सुताचे. दोन धागे एकमेकांभोवती पिळलेले असले की लव आपोआप दबते, खळीची फारशी गरजच उरत नाही. गिरण्यांचे भोंगे बंद झाले तसा सायझिंग हा शब्दही गावाच्या तोंडातून गेला. इचलकरंजीला जाऊन असा प्रश्न विचारून बघा, वेड्यात काढतील. तिथं सायझिंगच्या पाट्या चौकाचौकांत दिसतात.

आता मोठा प्रश्न. माप आणि खळ या दोन्हीला इंग्रजीत एकच शब्द कसा?

'साइज' हा शब्द इंग्रजीत फ्रेंचांकडून आला. जुन्या फ्रेंचमध्ये 'असीझ' म्हणजे बसणं, बैठक. त्याच्या मागं लॅटिन 'असिदेरे', जवळ बसणं. न्यायाधीश बसले, सरदार बसले, राजाचा दरबार बसला की ती 'असाइझ'. त्या बैठकीत जो नियम ठरला त्यालाही असाइझच म्हणायला लागले. नियम ठरायचे ते प्रामुख्यानं वजनामापांचे, म्हणून ठरलेलं प्रमाण म्हणजे असाइझ. पुढं बोलता बोलता सुरुवातीचा 'अ' गळून पडला आणि 'साइज' उरला. स्टेशनचं ठेसन करणाऱ्या आपल्या लोकांनी यावर इंग्रजांना हसू नये. शेवटी ठरवणारी बैठकही विसरली गेली, ठरवलेलं प्रमाणही विसरलं गेलं, आणि कुठल्याही वस्तूच्या लहान-मोठेपणाला साइज म्हणायची सवय लागली. मूळचा शब्द मात्र पूर्ण रूपात इंग्लंडच्या कोर्टात कित्येक शतकं टिकला. न्यायाधीश गावोगावी फिरून जी न्यायालयं भरवायचे ती 'असाइझेस'. १९७१ च्या कायद्यानं ती मोडीत निघाली.

म्हणजे साइज हा वस्तूचा गुण नव्हताच. चार अधिकारी माणसांनी बसून वस्तूवर लादलेली ती अट होती. मला हे वाचल्यावर फार बरं वाटलं, कारण माझ्या नोकरीचा अनुभव नेमका हाच आहे. टॉवेल केवढा असावा हे टॉवेलला विचारून ठरत नाही. कुठल्यातरी देशात कुणीतरी खुर्चीत बसून ठरवतं की हाताचा ५० बाय १००, अंगाचा ७० बाय १४०, आणि इकडं अक्कलकोट रोडच्या मागावर त्या हिशोबानं पन्ना (कापडाची रुंदी) लागतो. एक सेंटिमीटर कमी भरला की ईमेल येतो.

कापडवाल्यांना तर हा शब्द जवळचा वाटावा असा इतिहास आहे. इंग्लंडच्या रिचर्ड राजाच्या काळात, ११९६ च्या सुमारास, वजनमापांचा एक असाइझ निघाला. त्यात लोकरी कापडाचा पन्ना ठरवून दिला होता, दोन एल. आणि तो मोजायचा कसा? काठापासून काठापर्यंत, काठ सोडून आत. पुढं १२१५ मध्ये सरदारांनी जॉन राजाकडून मॅग्ना कार्टा लिहून घेतला. माणसाला बेकायदा तुरुंगात टाकता येणार नाही हे त्यातलं कलम सगळ्यांना माहीत असतं. त्याच सनदेत ३५ वं कलम आहे, की सगळ्या राज्यात दारूचं माप एक, धान्याचं माप एक, आणि रंगीत कापडाचा पन्नाही एकच, काठांच्या आत दोन एल. नागरिक शास्त्राच्या पुस्तकात हे छापलं असतं तर सोलापुरातल्या निम्म्या वर्गानं डोळे उघडून ऐकलं असतं. 'एल' हे हातावरून निघालेलं माप. इंग्रजीत कोपराला 'एल्बो' म्हणतात त्यातला हाच 'एल'. आपला 'हात' कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, दीड फुटाचा. इंग्लिश एल पुढं ४५ इंचांचा धरला गेला.

तसाच पावाचा असाइझ, १३ व्या शतकातला. तो मला सगळ्यात आवडतो. गहू महाग झाला तर पावाची किंमत वाढवायची नाही, पाव लहान करायचा. गहू स्वस्त झाला की तेवढ्याच पैशात मोठा पाव. गव्हाच्या कुठल्या भावाला किती वजनाचा पाव, याचं कोष्टकच होतं, आणि त्यापेक्षा हलका पाव विकला तर बेकरीवाल्याला दंड, नाहीतर भर बाजारात खोड्यात उभं राहण्याची शिक्षा. ही पद्धत इंग्लंडमध्ये या ना त्या रूपात १८३६ पर्यंत चालली. आजचा पाच रुपयांचा बिस्किटपुडा दुसरं काय करतो? भाव तोच, आतली बिस्किटं कमी. फरक इतकाच, की तेव्हा पाव कधी आणि किती लहान होणार हे कायद्यात लिहिलेलं असायचं, आणि गहू उतरला की तो परत मोठा व्हायचा. पुडा परत मोठा झालेला मी तरी बघितला नाही.

या पावाच्या ठरलेल्या हिश्श्यालाच केंब्रिजमध्ये 'साइज' म्हणत. गरीब विद्यार्थ्याला फीमध्ये सवलत आणि हा हिस्सा मिळायचा, बदल्यात त्यानं श्रीमंत पोरांची नि मास्तरांची वरकड कामं करायची. अशा विद्यार्थ्याचं नाव 'सायझर'. १६६१ साली ट्रिनिटी कॉलेजात आयझॅक न्यूटन नावाचा मुलगा आला तो याच वर्गातला, त्यातही खालच्या पायरीवरचा. आपल्याकडं वार लावून जेवणारे विद्यार्थी असत, त्यांची आठवण येते. आमच्या अण्णांचे काका असे वारानं जेवून सातवी झाले होते, गुरुवारचं घर कंजूष होतं हे त्यांना म्हातारपणीही आठवायचं.

आता बसण्याकडं येते, कारण गंमत तिथंच आहे.

लॅटिनमधलं 'सेदेरे', इंग्रजीतलं 'सिट' आणि संस्कृतातला 'सद्' धातू ही एकाच मुळाची लेकरं. सद् वरून आपल्याकडं सदन, सभासद, परिषद, संसद आणि गुरूजवळ बसून घ्यायचं ते उपनिषद. म्हणजे 'साइज' आणि 'संसद' हे लांबचे भाऊबंद. दोन्हीकडं माणसं बसतात आणि ठरवतात. आपला 'माप' वेगळ्या कुळातला, 'मा' धातूचा. परिमाण, मात्रा त्याचेच, आणि इंग्रजीतला मोजण्याचा 'मेझर' त्याचा भाऊ.

मराठीतलं 'बसणे' मात्र 'सद्' मधून आलेलं नाही. 'उपविश्' चं प्राकृतात 'बइस' झालं, जुन्या मराठीत 'बैसणे' आणि मग 'बसणे'. रक्ताचं नातं नाही. पण फ्रेंच-इंग्रजांना जे तीनशे वर्षांत सुचलं ते आपल्या या एका क्रियापदानं एकट्यानं करून ठेवलंय. ब्लाउज अंगात बसतो. सामान बॅगेत बसतं. वस्तू मापात बसते. मीटरला किती बसले, म्हणजे काय भाव पडला. दंड बसतो, कर बसवतात. (इंग्रजीत घरपट्टीच्या कागदावर असतं ते 'असेसमेंट' सुद्धा त्याच 'जवळ बसणं' मधून आलंय, न्यायाधीशाच्या शेजारी बसून कर ठरवणारा तो असेसर.) पंच बसले की भांडण मिटतं. साडीची घडी बसते, गुडघा बसतो, धंदाही बसतो. आणि कापडावर रंग बसतो.

रंग बसतो, तिथंच खळीचं उत्तर आहे.

चित्रकार लाकडावर, भिंतीवर, कापडावर रंग लावण्याआधी सरसासारखा पातळ डिंक लावायचे. सोन्याचा वर्ख लावायचा तरी आधी हा डिंक. का, तर वरचं नीट बसावं. इटलीतले चित्रकार त्याला 'असीझा' म्हणत, तोंडी 'सीझा'. इंग्रजीत १५ व्या शतकात डिंकाच्या अर्थानं 'साइज' दिसू लागतो तो बहुधा या वाटेनं, किंवा सरळ फ्रेंच 'असीझ' वरून. कोशकार इथं 'बहुधा' सोडत नाहीत, मीही सोडत नाही. पण दोन्ही वाटा त्याच बसण्यापाशी जातात. चित्रकाराच्या डिंकावरून कागदाच्या डिंकावर, तिथून सुताच्या खळीवर. मापवाला साइज म्हणजे बैठकीत बसून ठरवलेला, आणि खळवाला साइज म्हणजे दुसऱ्याला बसवणारा. सुताची लव बसवतो, असं अण्णा चौथीतल्या मुलीला म्हणाले होते. त्यांनी शब्दकोश कधी हातात धरला नव्हता.

पुढं याच खळीनं मापाची बेइमानी केली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी झाली, तिकडून येणारा कापूस तुटला, आणि इंग्लंडातल्या लँकेशरच्या गिरण्यांनी खळीत चिनी माती मिसळायचं प्रमाण वाढवलं. कापड वजनदार लागायचं, हातात भरीव वाटायचं, आणि धुतलं की जाळीसारखं. असा माल हिंदुस्थानात आणि चीनमध्ये ढिगानं यायचा, बोटीतल्या दमटपणानं वाटेतच बुरसायचाही. ज्या शब्दाचा जन्मच गिऱ्हाइकाला पुरं माप मिळावं म्हणून झाला, त्याच्याच नावाचा पदार्थ वजन मारायच्या कामी आला. चाटी गल्लीत कापड घेताना आमची आई टोक हातात घेऊन दोन्ही तळव्यांत खसखसून चोळायची आणि तळवे उजेडात धरायची. पांढरी पूड दिसली की दुकानदाराकडं बघायची. नवरा सायझिंगमध्ये आहे हे ती कधी सांगायची नाही. दुकानदारच म्हणायचा, "वहिनी, यात खळ नाही हो." ती म्हणायची, "मग हे काय, भस्म का?"

आणखी एक, कारण ऑफिसातल्या पोरानं हेही विचारलं होतं, की एखाद्याला 'साइज अप' करणं म्हणजे काय. अरे, माप काढणं. आपण म्हणतोच की, "आल्यापासून माझी मापं काढतेय ती." आणि जास्त बोलणाऱ्याला "मापात राहा" म्हणतो. याला शब्दकोश कशाला पाहिजे?

माझ्यापुरतं सांगते, मला 'साइज' हा परका शब्द वाटत नाही आणि त्याच्या जागी 'आकारमान' लिहा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. आकारमान चांगला शब्द आहे, ग्रहाचं सांगा, धरणाचं सांगा. चपलेचं आकारमान कुणी विचारू नये. शाळेचा गणवेश घ्यायला आलेली बाई म्हणते, "एक साइज मोठीच द्या, वाढतं अंग आहे." हे वाक्य जसं आहे तसं पूर्ण मराठी आहे.

हे सगळं मी एका रविवारी अण्णांना वाचून दाखवलं. वय चौऱ्याऐंशी, कानाला यंत्र, ते मध्येच शिट्टी मारतं. संसद, न्यूटन, पाव, कशावरही ते काही बोलले नाहीत. ३५ व्या कलमाशी आल्यावर त्यांनी हात वर केला.

"दोन एल म्हणजे किती?"

"पुढच्या पंचेचाळीसच्या हिशोबानं धरला तर नव्वद इंच, अण्णा."

त्यांनी दोन्ही हात पसरले, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. "साडेसात फूट. आणि माग हातमाग?"

"हातमागच. आठशे वर्षांपूर्वीचं आहे हे."

"मग एका माणसाचं काम नाही ते. ह्या हातानं आडव्या सुताचा धोटा फेकायचा नि त्या हातानं झेलायचा, एवढा हात कुणाचा पोचतो? दोघं बसत असतील मागावर."

मी नंतर बघितलं. खरंच दोघं बसायचे. रुंद पन्न्याच्या मागावर एक विणकर या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि धोटा मधून एकमेकांकडं. १७३३ मध्ये जॉन के या माणसानं दोरीच्या हिसक्यानं पळणारा धोटा काढला, तेव्हा कुठं त्या मागावर एकट्याला बसता आलं. राजानं नि सरदारांनी बसून पन्ना ठरवला, त्यामुळे मागावर दोन माणसं बसवावी लागायची, हे मला एवढं वाचून सुचलं नव्हतं.

संध्याकाळी फोन करून सांगितलं तर म्हणाले, "ते ठीकाय. लोकरीला खळ कसली लावायचे, ते बघितलंस का?"